ड्रिलचें टोंक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या कर्मशाळेंत एक अपघात घडला. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी वाचनालयाच्या दारावर लावावयाच्या पितळी पाटीस भोकें पाडीत होता. पाटी तीन मिलिमीटर जाडीची, आणि चार कोपऱ्यांस पांच-पांच मिलिमीटरचीं चार भोकें हवीं होतीं. दोन नीट पडलीं. तिसरें आरपार होण्याच्या बेतांत असतां ड्रिल एकाएकीं पितळेंत रुतलें, पाटी त्याच्या डाव्या हातांतून हिसकली गेली, आणि ड्रिलबरोबर गरगर फिरत असतां तिच्या कांठानें अंगठ्याच्या मुळाशीं खोल जखम केली. सात टांके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई शाळेंत आली. ती रागावलेली नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, "मास्तर, लेकरू म्हणतं, त्या ड्रिलला तुम्ही स्वतः आदल्या संध्याकाळी धार लावली होती. बोथट विळीनं हात कापतो हे मला ठाऊक आहे. पण नव्या धारेनं असं कसं झालं?"

"बाई, चूक माझी आहे," मीं म्हटलें, "पण ती कशी झाली हें सांगावयाचें तर थोडा वेळ लागेल." इतक्यांत तास सुरू होण्याची घंटा वाजली, ती माउलीहि कामावर जाण्याच्या घाईंत होती, आणि सांगावयाचें तें तसेंच राहिलें. तिचा प्रश्न मात्र माझ्या मनांतून गेला नाहीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नास दिलेलें उत्तर होय. तें इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें छापावयास दिलें आहे. कारण हल्लीं विजेचें ड्रिल घरोघर झालें आहे, आणि एकाच टोंकानें लाकूड, लोखंड, फरशी, सारें कांहीं भोंसकावयाचें, ही संवयहि त्याच्याबरोबर घरांत शिरली आहे.

प्रथम ड्रिल म्हणजे काय तें नीट पाहूं. सुताराचा सामता ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आठवेल कीं, दोरीच्या कमानीनें तो एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे फिरतो. त्याच्या टोंकाशीं भाल्याच्या फाळासारखें एक चपटें पातें असतें, आणि तें दोन्ही दिशांनीं चालावें म्हणून त्याच्या धारा दोन्ही अंगांनीं सारख्याच उतरत्या केलेल्या असतात. अर्थात् तें पातें पदार्थ कापीत नाहीं, खरवडतें. आणि खरवडलेला भुसा भोकांतच सांचतो म्हणून सुतार मधून मधून सामता वर उचलून फुंकर मारतो. पाश्चात्त्य देशांतहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोखंडाकरितां चपटींच ड्रिलें सर्रास वापरीत. अंगावर पीळ असलेलीं ड्रिलें कोणी कोणी करीत, परंतु त्यांच्या खांचा गोल कानशीनें हातानें घासून काढाव्या लागत. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं प्रॉव्हिडन्स शहरीं बंदुकांच्या एका लहानशा भागास भोकें पाडण्यासाठीं अशा ड्रिलांची मोठी गरज पडली, आणि खांचा घासण्याचें तें कंटाळवाणें काम यंत्रानें व्हावें म्हणून जोसेफ ब्राउन यानें १८६१-६२ च्या सुमारास एक नवें मिलिंग यंत्र रचलें. पुढें १८६३ सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्टीफन मोर्स यानें पिळाच्या ड्रिलचें पेटंट मिळविलें. आज आपण दुकानांतून जें ड्रिल आणतों तें त्याच वंशांतलें आहे.

या ड्रिलकडे पाहिलें म्हणजे प्रथम डोळ्यांत भरतात त्या त्याच्या अंगावरील दोन पिळदार खांचा. पुष्कळ मुलांस वाटतें कीं कापण्याचें काम या खांचांच्या कडा करतात. तसें नाहीं. कापण्याचें सारें काम टोंकाशीं असलेल्या दोन आंखूड धारा करतात. खांचांचें काम दुहेरी आहे: एक, कापलेला कीस वर वाहून आणणें, आणि दुसरें, जें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं तें, धारेस पुढें झुकता कल देणें. सुताराच्या रंध्याचें पातें उभें न बसवितां कलतें बसवितात, म्हणजे तें लाकडाखालीं शिरून ढलपी उचलतें. ड्रिलच्या धारेलाहि तसाच कल असतो, आणि तो या पिळामुळें आपोआप येतो. सामान्य ड्रिलचा पीळ सुमारें ३० अंशांचा असल्यामुळें बाहेरच्या कोपऱ्याजवळ धारेचा कल सुमारें तितकाच असतो. आंत मध्याकडे जावें तसा तो कमी होत जातो. हा कल विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. आमच्या अपघाताचें मूळ त्यांतच आहे.

आतां टोंकाचा कोन. दोन्ही धारा मिळून जो कोन होतो त्यास टोंकाचा कोन म्हणतात. बाजारांतील साधारण ड्रिलचा हा कोन ११८ अंशांचा असतो. म्हणजे प्रत्येक धार ड्रिलच्या अक्षाशीं ५९ अंशांनीं कललेली असते. तो मोजावयास महागडें साधन नको. षट्कोनी डोक्याचे दोन सारखे नट घेऊन त्यांची एकेक सपाट बाजू एकमेकींस चिकटवून धरा. षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा, असे दोन मिळून २४०. एकंदर ३६० अंशांतून ते वजा केले म्हणजे दोन नटांच्या मधल्या खोबणींत १२० अंश उरतात. ड्रिलचें टोंक या खोबणींत ठेवून उजेडासमोर धरलें असतां दोन्ही धारांस प्रकाशाची फट दिसूं नये. भूमितीचा तास निरुपयोगी आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा.

याच कोनावरून आणखी एक हिशेब निघतो. टोंकाच्या शंकूची उंची काढावयाची असल्यास त्रिज्येस ५९ अंशांच्या टॅननें, म्हणजे १.६६४ नें भागावें. उत्तर व्यासाच्या सुमारें तीन-दशांश येतें. म्हणजे १० मिलिमीटर ड्रिलचें टोंक ३ मिलिमीटर उंच असतें. कोन १३५ अंशांचा केला तर उंची व्यासाच्या दोन-दशांशांहून किंचित् अधिक होते, ९० अंशांचा केला तर बरोबर अर्धी. आरपार न जाणारें भोक ठराविक खोलीचें पाहिजे असल्यास हा शंकू हिशेबांत धरावा लागतो. आणि पत्र्याच्या कामांत तर त्याचें महत्त्व फारच आहे, तें पुढें येईल.

मग सर्वच पदार्थांस ११८ अंश कां चालूं नयेत? खरें पाहतां हा आंकडा म्हणजे एक तडजोड आहे. मऊ पोलादास तो चांगला मानवतो, इतर पुष्कळ पदार्थांस कसाबसा चालतो, आणि कांहींस मुळींच चालत नाहीं. कोन लहान, म्हणजे टोंक निमुळतें केलें, तर धारेची लांबी वाढते. कीस रुंद पण पातळ निघतो आणि काम लांब धारेवर वांटलें जातें. उलट कोन मोठा, म्हणजे टोंक पसरट केलें, तर धार आंखूड होते आणि ड्रिलच्या त्याच गतीस कीस जाड निघतो.

बिडाचें उदाहरण घ्या. बीड ठिसूळ असून त्याचा कीस भुकटीसारखा पडतो, पण त्याचा वरचा थर कठीण व खरखरीत असल्यामुळें धारेचे बाहेरचे कोपरे लवकर झिजतात. म्हणून बिडासाठीं जुने कारागीर कोन ९० अंशांपर्यंत उतरवीत, किंवा ११८ अंशांच्या टोंकाचे केवळ बाहेरचे कोपरे अधिक निमुळते करीत. न गंजणाऱ्या पोलादाची, ज्याला आपण घरीं नुसतें 'स्टील' म्हणतों त्याची, गोष्ट नेमकी उलट आहे. हा धातु घासला गेला कीं घासल्या जागीं अधिकच कठीण होतो. ड्रिल जोरानें फिरवून वरवर टेकविलें तर तें कापण्याऐवजीं घासतें, खालचा थर टणक होतो, मग अधिक जोर लावावा तों ड्रिलच निळें पडतें. त्याकरितां १३५ अंशांचें पसरट टोंक घ्यावें, वेग निम्म्याहून कमी ठेवावा, तेल द्यावें, आणि दाब एकसारखा ठेवावा, म्हणजे जाड कीस निघून धार प्रत्येक फेऱ्यास त्या कठीण थराच्या खालून शिरते. पाण्याच्या स्टीलच्या पिंपास नळ बसविण्यासाठीं भोक पाडतांना ज्यांचीं दोन-दोन ड्रिलें जळालीं असतील अशा पालकांस आपलें चुकलें कोठें तें आतां उमगेल. वेग कमी करावयाचा होता, त्यांनीं तो वाढविला.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तोहि थोडक्यांत सांगतों. मऊ पोलादास हायस्पीड पोलादाच्या ड्रिलनें मिनिटास सुमारें २५ मीटर कापण्याचा वेग द्यावा असा संकेत आहे. २५ मीटरचे २५००० मिलिमीटर करून त्यांस ड्रिलच्या परिघानें भागलें म्हणजे फेरे मिळतात. १० मिलिमीटर ड्रिलचे सुमारें ८०० आणि ५ मिलिमीटरचे सुमारें १६००. ड्रिल जितकें जाड तितके फेरे कमी, हें मुलें नेहमीं विसरतात. हायस्पीड पोलाद टेलर व व्हाइट या दोघांनीं अमेरिकेंतील बेथलेहेम येथें गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर सिद्ध केलें, आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें जगासमोर आलें. तापून मंद लाल झालें तरी त्याची धार टिकते. त्यापूर्वींच्या साध्या पोलादाचें ड्रिल निळें पडलें कीं धार गेलीच म्हणून समजावें.

आतां ड्रिलच्या अगदीं मध्यभागीं या. दोन धारा एका बिंदूंत मिळत नाहींत. त्यांच्यामध्यें ड्रिलचा गाभा असतो, आणि त्याच्या टोंकाशीं एक लहानशी आडवी कड तयार होते. ही कड कापीत नाहीं. मध्यबिंदूस वेगच नसतो, तर तो कापील कसा? ती धातूस नुसती रेटून बाजूस सारते. ड्रिल खालीं दाबतांना जो जोर लागतो त्यांपैकीं निम्मा, किंबहुना अधिकच, या एवढ्याशा कडेवर खर्ची पडतो. आणि ती बोथट असल्यामुळेंच ड्रिल प्रारंभीं जागेवरून घसरतें. म्हणून सेंटर पंचाचा ठसा आधीं मारावा लागतो. मोठें भोक पाडावयाचें असतां प्रथम गाभ्याहून किंचित् जाड असें बारीक ड्रिल चालवितात, तें याचसाठीं कीं मागाहून येणाऱ्या मोठ्या ड्रिलच्या आडव्या कडेस कांहीं कामच उरूं नये. पसरट टोंक तर अधिकच घसरतें. म्हणून १३५ अंशांच्या ड्रिलची आडवी कड दोन्ही बाजूंनीं घासून जवळजवळ नाहींशी करतात. दुकानदार त्यास 'स्प्लिट पॉइंट' म्हणतात.

या आडव्या कडेनें पुष्कळांस विचारांत पाडलें आहे. त्यांपैकीं एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५३ सालीं चीन देशांत पेकिंग येथील एका कारखान्यांत नी चिफू नांवाचा विशीच्या आसपासचा एक फिटर होता. चिवट पोलादास भोकें पाडतांना ड्रिलें भराभर निकामी होत. त्यानें धारा सरळ ठेवण्याऐवजीं प्रत्येक धारेवर चंद्रकोरीसारखी एक खोबण घासली आणि आडवी कड आंखूड केली. त्यामुळें टोंकास एकाऐवजीं तीन शिखरें आलीं, ड्रिल जागेवर ठाम बसूं लागलें, आणि जोरहि कमी लागूं लागला. तें ड्रिल त्याच्या नांवानेंच ओळखलें जातें. त्याच्यापाशीं साधन होतें तें साणेचा दगड आणि डोळे, एवढेंच. हा गृहस्थ पुढें राजकारणांत मोठ्या पदास चढला. परंतु माझ्या मतें त्याची खरी कामगिरी त्या खोबणींतच आहे.

धार लावण्याविषयीं दोन गोष्टी सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पहिली मोकळिकीची. धारेच्या मागचा भाग धारेपेक्षां किंचित् खालीं उतरता हवा, साधारणपणें ८ ते १२ अंश. तो उतरता नसेल तर धार पदार्थास टेकतच नाहीं, पाठ टेकते. मग कितीहि दाबा, धूर निघेल पण कीस निघणार नाहीं. मुलांनीं लावलेल्या धारांत दहांपैकीं सात चुका या एकाच प्रकारच्या असतात. मोकळीक फाजील झाली तर मात्र धारेस पाठीमागून आधार राहत नाहीं आणि ती तुटते. दुसरी गोष्ट समतेची. दोन्ही धारांचे कोन सारखे नसले तर एकटीच धार राबते व दुसरी मिरवते. कोन सारखे पण लांबी कमीजास्त झाली तर टोंक मध्यावरून सरकतें आणि भोक मोठें पडतें. टोंक ०.२ मिलिमीटरनें सरकलें असेल तर लांब धार तितकीच बाहेर फिरते, आणि भोकाचा व्यास ०.४ मिलिमीटरनें वाढतो. "सर, ड्रिल तर आठाचंच आहे, मग बोल्ट ढिला कां?" असें विचारणाऱ्यानें आधीं आपल्या ड्रिलचें टोंक पाहावें. साणेवर बसतांना डोळ्यांस चष्मा हवाच, हें निराळें सांगणें नको.

आतां पितळेकडे वळतों.

आमच्या कर्मशाळेंत पूर्वीं एक वृद्ध मिस्त्री होते. ते निवृत्त होऊन गेले तेव्हां ड्रिलांच्या फळीवर कांहीं ड्रिलें वेगळीं ठेवून गेले. त्यांच्या दांड्यांस पिवळा रंग लावलेला होता. त्यांतील पांच मिलिमीटरचें ड्रिल मीं त्या संध्याकाळीं हातांत घेतलें तेव्हां त्याच्या दोन्ही धारांवर केंसाएवढी बारीक चकाकणारी पट्टी दिसली. चकाकणारी धार म्हणजे बोथट धार, हें मी स्वतःच मुलांस शिकवीत आलों आहें. सुरीच्या बाबतींत तें खरेंहि आहे. मीं तें ड्रिल साणेवर धरलें, ती पट्टी घासून नाहींशी केली, आणि कोन नटांत घालून तपासला. तो बिनचूक ११८ अंशांचा होता. मला मोठें समाधान वाटलें.

पण ती पट्टी बोथटपणाची नव्हती. ती मिस्त्रींनीं मुद्दाम केलेली होती.

पोलाद कापतांना धारेस पुष्कळ विरोध होतो. ड्रिलला दाबूनच आंत घालावें लागतें, आणि म्हणून धारेला पुढें झुकता कल असणें इष्ट असतें. यंत्रांत वापरलें जाणारें पितळ मात्र ठिसूळ असतें. त्याचा कीस लांब वेटोळ्यांचा न निघतां बारीक कण होऊन उडतो, आणि धारेस होणारा विरोध अगदीं थोडा असतो. अशा पदार्थांत ३० अंशांच्या कलाची आंकड्यासारखी धार शिरली म्हणजे ती स्वतःच स्वतःस आंत ओढूं लागते. मळसूत्र लाकडांत फिरविलें असतां तें जसें आपोआप आंत जातें, तसेंच हें. ड्रिल जितकें ओढलें जाईल तितका घास मोठा होतो, आणि घास जितका मोठा तितकी ओढ अधिक. यंत्राच्या दांड्यांत जो थोडासा ढिलेपणा असतो तेवढ्यांत ड्रिल झटका घेऊन खालीं जातें.

तिसरें भोक आरपार होतांनाच हें कां घडलें, याचेंहि उत्तर आतां मिळतें. भोक पूर्ण होईपर्यंत मधली आडवी कड पितळेस रेटीत होती, आणि तिचा विरोध ड्रिलला मागें धरून ठेवीत होता. टोंक खालच्या बाजूनें बाहेर पडतांच त्या कडेखालीं धातूच उरला नाहीं. निम्म्याहून अधिक विरोध क्षणार्धांत नाहींसा झाला, पण हात मात्र पूर्वींच्याच जोरानें दाबीत होता. धारांनीं उरलेल्या कांठांत दांत रोवले. पहिल्या दोन भोकांस तो मुलगा निभावला, हें त्याचें दैव.

मिस्त्रींची युक्ति अशी होती. तेलाच्या बारीक दगडानें धारेच्या पुढच्या अंगास, ड्रिलच्या अक्षाशीं समांतर, अर्धा मिलिमीटरहि नसेल एवढी एक सपाट पट्टी करावयाची. तिनें टोंकाचा कोन बदलत नाहीं, धारेची तीक्ष्णताहि जात नाहीं. धार फक्त पुढें झुकण्याऐवजीं उभी राहते. कल शून्य झाला. उभी धार पितळ ओढीत नाहीं, खरवडते. म्हणजे सामत्याचें चपटें पातें जें करीत असे तेंच. जुन्या चपट्या ड्रिलला पिळाचा कल मुळांतच नव्हता, म्हणून तें पितळेंत असें रुतत नसे; पीळ आला, कीस वर येऊं लागला, पोलादाचें काम कितीतरी पटींनीं वाढलें, आणि पितळेपुरता हा एक धोका त्याच्याबरोबर आला. कांहीं ठिकाणीं पितळेसाठीं सरळ खांचांचींच ड्रिलें ठेवतात. कांसें व ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी यांसहि हीच उभी धार मानवते. ॲक्रिलिकला तर टोंकहि ६० ते ९० अंशांचें निमुळतें करावें, म्हणजे तें हळूहळू बाहेर पडतें व खालच्या बाजूचा टवका उडत नाहीं.

त्या माउलीस माझें उत्तर इतकेंच आहे: धार चांगली होती, पण ती पोलादाची धार होती. दुसरी चूकहि माझीच. पाटी हातांत धरूं न देतां व्हाइसमध्यें आवळावयास किंवा निदान तिच्या कडेस टेकेल असा एक खिळा टेबलाच्या फळीवर ठोकावयास मीं सांगितलें पाहिजे होतें. पाटी आवळलेली असती तर ड्रिल मोडलें असतें, हात वांचला असता.

उरलेल्या पदार्थांविषयीं थोडक्यांत लिहितों. पातळ पत्र्यांत भोक पाडलें कीं तें गोल न पडतां तिकोनी पडतें, ही तक्रार प्रत्येक वर्षीं येते. वर काढलेला शंकूचा हिशेब येथें कामास येतो. १२ मिलिमीटर ड्रिलचें टोंक ३.६ मिलिमीटर उंच असतें आणि पत्रा असतो एक मिलिमीटरचा. म्हणजे धारांचे बाहेरचे कोपरे पत्र्यास लागण्याच्या कितीतरी आधींच टोंक खालून बाहेर पडलेलें असतें. मध्यावर धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं, आणि ड्रिल भोकांत डुलूं लागतें. पत्रा दोन लांकडी फळ्यांमध्यें आवळावा, किंवा पायऱ्यांचें शंक्वाकृति ड्रिल वापरावें. ॲल्युमिनियम चिकट, त्याचा कीस खांचांत बसून राहतो, म्हणून अधिक पिळाचें, रुंद खांचांचें ड्रिल घ्यावें आणि रॉकेलचे दोन थेंब द्यावे.

लाकडाची गोष्ट अगदीं वेगळी, कारण लाकूड म्हणजे तंतूंची जुडी. ११८ अंशांचें टोंक त्या तंतूंस कापण्यापूर्वीं ढकलतें व फाडतें, आणि सागवानाच्या सुंदर फळीवर भोकाभोंवतीं कुसळें उभीं राहतात. लाकडाच्या ड्रिलला मध्यें एक अणकुचीदार सुळा असतो, जो जागा धरून ठेवतो. आणि दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यांस चाकूसारखीं टोंकें असतात, तीं आधीं वर्तुळ आंखून तंतु तोडतात, मग मधल्या धारा आंतला भाग उचलतात. भिंतीच्या ड्रिलला तर धारच नसते म्हटलें तरी चालेल. त्याच्या टोंकास टंगस्टन कार्बाइडची एक चकती डाखलेली असते. हा अतिकठीण पदार्थ जर्मनींतील क्रुप कंपनीनें १९२६ च्या सुमारास 'विडिया', म्हणजे 'हिऱ्यासारखा', या नांवानें बाजारांत आणला. तो विटेस वा काँक्रीटास कापीत नाहीं, ठोकून फोडतो. यंत्रांतील हातोडीची कळ त्यासाठींच आहे. हीच कळ चालू ठेवून स्नानगृहाच्या चकचकीत फरशीवर ड्रिल टेकविलें कीं फरशी तडकते. फरशीस व कांचेस भाल्याच्या आकाराचें कार्बाइडचें टोंक घ्यावें, हातोडी बंद ठेवावी, वेग कमी ठेवावा, आणि पाण्याचा थेंब-थेंब देत राहावें.

पिवळ्या दांड्यांचीं सर्व ड्रिलें मीं आतां पुन्हां मिस्त्रींकडे नेऊन दाखविलीं. त्यांनीं एकेक उजेडांत धरून पाहिलें, पांच मिलिमीटरचें वेगळें काढलें, आणि कांहीं न बोलतां खिशांतून आपला तेलाचा दगड काढून माझ्या हातांत दिला. पट्टी मीच घासली. पहिली फार रुंद झाली म्हणून त्यांनीं ती पुन्हां करावयास लावली.

वाचनालयाची पाटी दोन महिने तशीच, अडीच भोकांची, कपाटांत पडून होती. जखम भरल्यावर तो मुलगा आपण होऊन कर्मशाळेंत आला आणि तिसरें भोक पुरें करण्याची परवानगी मागूं लागला. त्याच्या आईस विचारून मीं ती दिली. त्यानें पाटी व्हाइसमध्यें लाकडाच्या तुकड्यांसह आवळली, ड्रिल खिडकीशीं नेऊन धारेवरची पट्टी पाहिली, आणि शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात हलका केला. पितळेचे कण वाळूसारखे सुळसुळत खालीं पडले. चौथें भोकहि त्यानेंच पाडलें.